कंपनीच्या घरातले काशिनाथराव

माजलगावात दरवर्षी एका गोऱ्या माणसाची पुण्यतिथी पुरणपोळी करून साजरी होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी माझ्या दवाखान्यात डबा येतो. डबा आणतात ते काशिनाथ देशमाने. हे एका परदेशी औषध कंपनीचे प्रतिनिधी, म्हणजे आपण ज्यांना एम.आर. म्हणतो ते. पुण्यतिथी असते ती कंपनीच्या संस्थापकांची. कुठल्याशा थंड देशातले, गालभर कल्ले राखलेले हे गृहस्थ जाऊन शंभरावर वर्षं झाली असतील. काशिनाथराव त्यांना 'थोरले आबा' म्हणतात.

"आज आबांचा दिवस हाय मॅडम," डबा टेबलावर ठेवत ते सांगतात, "एक पोळी तरी खावा. घरची गोष्ट हाय."

मी डॉक्टर आहे आणि चिडकी आहे. गावात माझी ख्याती औषधापेक्षा रागाचीच जास्त. एम.आर. लोक माझ्याकडे आले की दोन मिनिटांत बोलून पळतात. काशिनाथराव तेवढे पळत नाहीत. वीस वर्षं मी त्यांना हाकलते आहे आणि वीस वर्षं ते पुढच्या महिन्यात पुन्हा हजर असतात. या वर्षी त्यांच्या कंपनीच्या या इतिहासापायी त्यांच्या एकुलत्या एक लेकीची सोयरीक पणाला लागली आणि मलाही त्यात पडावं लागलं, म्हणून हे लिहायला बसले.

आबांचा फोटो काशिनाथरावांच्या घरी तुळजाभवानी आणि खंडोबाच्या मधोमध लावलेला आहे. कंपनीच्या कॅलेंडरावरून कापून काचेत बसवलेला. त्यांची बायको आशा रोज देवांबरोबर त्यालाही गंध लावते. एकदा नवा दूधवाला दारातून बघून म्हणाला, "हे कोणचं महाराज म्हणायचं?"

"खोकल्याचे," काशिनाथरावांनी सांगितलं.

दूधवाल्याने लगेच हात जोडले. त्या आठवड्यात त्याला खोकला होताच. दोन दिवसांनी तो नारळ घेऊन आला.

आता एम.आर.चं काम काय? बॅगेतून रंगीत चित्रांचं पुस्तक काढायचं, डॉक्टरासमोर पानं उलटायची, औषधाचे गुण सांगायचे, नमुन्याच्या दोन गोळ्या ठेवायच्या आणि उठायचं. काशिनाथराव पुस्तक उघडतात, पण सुरुवात आबांपासून करतात.

"मॅडम, आबांचं दुकान सुरवातीला एवढंसं. थंडी अशी की घागरीतलं पाणी दगड व्हायचं. आबांनी आईसाहेबांच्या चुलीवर मलम आटवलं. आईसाहेब कडाडल्या, माझं पातेलं नासवलं म्हणून. आबा म्हणले, दम धर, ह्याच पातेल्यातून सगळ्या जगाला वाढतो का न्हाई बघ."

या पातेल्याबद्दल कंपनीने छापलेल्या इतिहासात एक अक्षर नाही. ते पुस्तक मी मुद्दाम मागून चाळलं. तसं बोलून दाखवल्यावर काशिनाथराव माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "घरातलं सगळंच छापत्यात का?"

माझ्या तपासणीच्या खोलीला दार आहे, पण ते लागत नाही. त्यामुळे हा इतिहास बाहेर बाकावरही ऐकू जातो. एकदा आबांच्या दोन मुलांच्या वाटण्या चालल्या होत्या. धाकट्याला रंगाचा कारखाना काढायचा होता, थोरल्याला मलमच पुढे न्यायचं होतं, आणि धाकट्या सुनेने चूल वेगळी मागितली होती. एवढ्यात बाहेरून तापाने फणफणलेल्या एका म्हातारीचा आवाज आला, "मंग म्हाताऱ्याला कुणी सांभाळलं रं?"

"थोरल्यानं, मावशी."

"बरं झालं माय. धाकट्या सुनंचं काय खरं नसतंय."

मी पुढच्या पेशंटला हाक मारली. कुणी उठेना. मी बाहेर जाऊन ओरडले, तेव्हा एकजण चाचरत म्हणाला, "बाई, ते वाटणीचं मिटू द्या की."

कंपनीचं पुढचं सगळं वाढणं काशिनाथरावांनी असंच बीड जिल्ह्यात आणून बसवलं आहे. थोरल्याच्या नातवाने अमेरिकेत जाऊन बस्तान बसवलं. एक लहान कंपनी त्यांनी मालकाच्या मनाविरुद्ध विकत घेतली, तर "पळवून नेऊन लगीन लावलं मॅडम, पण पुढं नांदली बरं का." कर वाचवण्यासाठी मुख्य कचेरी एका देशातून दुसऱ्या देशात हलवली, ते पुनर्वसन. "आपल्याकडं धरणात गावं गेली, माणसं उठून नव्या गावठाणात आली, तसंच." आणि एखाद्या औषधाचं पेटंट संपलं की ते खिन्न होऊन सांगतात, "त्याला कूळकायदा लागला. इतकी वर्षं आपण कसलं, आता कुणीबी नांगर घालावा."

मी औषधशास्त्र शिकले त्या मोठ्या कॉलेजात पेटंट म्हणजे काय हे मला इतकं चांगलं कुणी समजावलं नव्हतं. हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही. "झालं का? निघा आता," म्हटलं.

त्यांचा खरा पराक्रम मात्र त्या मोठ्या विलीनीकरणाच्या वेळचा. त्यांच्या कंपनीची एक हाडवैरी कंपनी होती आणि तिचे इथले एम.आर. जब्बार पठाण. जब्बारभाई आणि काशिनाथराव यांच्यात पित्ताच्या औषधावरून अबोला होता. दोघांची औषधं तीच, किंमत तीच, चवही तीच. तरी एक जण दवाखान्याच्या पायरीवर दिसला की दुसरा समोरच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन उभा राहायचा. अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी साता समुद्रापलीकडे कुणीतरी कागदावर सह्या केल्या आणि दोन्ही कंपन्या एक झाल्या.

जिल्ह्यातले एम.आर. महिन्यातून एकदा मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर जमतात. तिथे काशिनाथराव टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन गेले आणि सगळ्यांदेखत जब्बारभाईंच्या डोक्यावर टोपी घालायला लागले.

"बे काशिनाथ, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"सोयरीक झाली जब्बारभाई. आजपासून आपण पाव्हणे."

"कंपनीत कंपनी मिसळली. मी कुठं तुझ्या घरात आलतो?"

"तुमी न्हाई, आमी बी न्हाई. थोरल्यांनी ठरवलं. आपण मान राखायचा."

जब्बारभाईंनी टोपी घेतली खरी, पण भांडण तिथेच नव्याने सुरू झालं. आता वाद असा की वरपक्ष कोणता. काशिनाथरावांचं म्हणणं, आपलं घराणं जुनं. जब्बारभाईंचं म्हणणं, आमचे कारखाने जास्त. ढाबेवाल्याने शेवटी निकाल दिला की ज्याच्या कंपनीचं नाव पाटीवर आधी, तो नवरदेव. पाटीवर तिसरंच नाव होतं. मग दोघे एकाच ताटात जेवले. त्या ईदेला शीरखुर्म्याचं पातेलं काशिनाथरावांच्या घरी आलं आणि आशाबाईंनी ते परत पाठवताना त्यात साखर घातली.

असं सगळं मजेत चाललं होतं. एके दुपारी पेशंट संपल्यावर काशिनाथराव आत आले, खुर्चीवर बसले आणि पुस्तक काढलंच नाही. मला वाटलं, बरं नाही की काय.

"मॅडम, ऐतवारी घरी याल का?"

"कशाला?"

"मुक्ताची बैठक हाय. माणसं पाहिजेत."

मुक्ता त्यांची मुलगी. औषधनिर्माण शिकली, तिथेच सोबत शिकणारा शेजारच्या गावचा एक चांगला मुलगा तिने पसंत केला. मुलाचे आईवडील खूश होते. अडलं होतं आजोबांपाशी, म्हणजे तात्यांपाशी. त्या घरात तात्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं, आणि तात्या म्हणाले होते, पोरगी सोन्यासारखी आहे, पण आधी तिचा गोतावळा दाखवा. भाऊबंद कोण, मूळ घर कोणतं, ते कळल्याशिवाय सुपारी फुटणार नाही.

"मग दाखवा की गोतावळा," मी म्हटलं.

"आशाच्या माहेरच्यांनी लग्नापास्नंच तोडलंय. आन माझ्याकडचं..." ते थांबले. "जब्बारभाई येत्यात. बाकीची एम.आर. मंडळी येत्यात. तुमी आलात तर बायामाणसांत कुणीतरी शिकलेलं दिसंल."

मला बैठका आवडत नाहीत. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बैठकीतूनही मी उठून गेले होते. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि अचानक लक्षात आलं, की आबांच्या पातेल्यापासून नातवाच्या अमेरिकेपर्यंत सगळं मला पाठ आहे, पण या माणसाचं गाव कोणतं ते मी आजवर कधी विचारलेलं नाही. मला माझी लाज वाटली. येते म्हटलं.

रविवारी गेले तर दोन खोल्यांच्या त्या घरात पंधरा-सोळा एम.आर. भिंतीला टेकून बसलेले. इस्त्रीचे शर्ट, काहींच्या गळ्यात टाय, आणि सवयीने सगळ्यांच्या मांडीवर बॅगा. आले त्या नंबरानेच बसले होते. समोर सतरंजीवर पाहुणे आणि मधोमध तात्या. पांढरा फेटा, हातात काठी, नजर अशी की खोटं बोलायची सोय नाही. तात्या बसता बसता खोकले. त्याबरोबर तीन बॅगांच्या चेन उघडल्या आणि तीन कंपन्यांची तीन औषधं त्यांच्यापुढे आली.

"हे काय?"

"नमुना हाय तात्या," जब्बारभाई म्हणाले. "दोन चमचे, जेवणानंतर."

तात्यांनी बाटल्या बाजूला सारल्या. "पाव्हणं, ही मंडळी तुमची कोण?"

काशिनाथराव सावरून बसले. "हे जब्बारभाई, आमचे सोयरे. त्यो खिडकीपाशी बसलेला, त्याच्या कंपनीची डोळ्याची औषधं आमच्या घरानं घेतली, म्हंजे नात्यानं भाचा. आन ह्या दोघांच्या कंपन्या आमच्यातूनच फुटून निघाल्या. भाऊबंदच की."

तात्यांना यातलं काय कळलं देव जाणे. "बरं, मूळ घर कोणचं?"

इथेच मी डोळे मिटले. पुढचं मला पाठ होतं.

थोरले आबा झाले. चूल झाली, पातेलं झालं. काशिनाथराव इतके रंगून सांगत होते की आतल्या खोलीतून बायका दाराशी आल्या. दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा नवऱ्या मुलाच्या आईने पदर डोळ्याला लावला. अमेरिका झाली, पळवून नेलेली नवरी झाली. तात्या काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"म्हंजे तुमचं घराणं परदेशात हाय," शेवटी ते म्हणाले.

"हाय."

"आन वाटण्या झाल्या, तवा तुमच्या वाट्याला काय आलं?"

"बीड जिल्हा," काशिनाथराव म्हणाले.

जब्बारभाईंना ठसका लागला. या वेळी कुणीही बॅग उघडली नाही.

तात्यांनी काठी आपटली आणि भिंतीवरच्या फोटोकडे रोखली. "मी लई बैठका बसलोय, पाव्हणं. कुणी थट्टा केली न्हाई माझी. ह्यो गालावर केस वाढवल्याला गोरा बाबा तुमच्या बापाचा कोण लागतो, तेवढं सांगा."

काशिनाथरावांनी एकदा आबांच्या फोटोकडे पाहिलं. दारात मुक्ता चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी होती.

"थट्टा न्हाई तात्या," ते म्हणाले. "बापाचं नावच मला ठाऊक न्हाई. आईचं बी न्हाई. आश्रमात वाढलो. आडनाव तिथल्या गुरुजींचं हाय, त्यांनी शाळेत घालताना लावलं. लहानपणापास्नं जो भेटंल त्यो इचारायचा, कुणाचा रं तू? गाव कोणतं? मला सांगताच यायचं न्हाई. मंग कंपनीत लागलो. पयल्याच दिवशी मोठे साहेब म्हणले, आजपासून तुमी आमच्या कुटुंबातले. सगळा इतिहास सांगितला त्यांनी. मी लिहून घेतला, पाठ केला. म्हणलं, चला, आता कुणी इचारलं तर सांगाया झालं."

साहेब लोक दर वर्षी नव्याने लागलेल्या पोरांना हे वाक्य म्हणतात. सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि चहाच्या सुट्टीपर्यंत विसरलेलं असतं. ते खरं धरून बसलेला हा एकच माणूस असावा. भिंतीशी बसलेले सगळे एम.आर. आपापल्या बॅगांकडे बघत होते.

तात्यांचा आवाज खाली आला, पण प्रश्न सुटला नाही. "तुमचं वाईट वाटतंय मला. पण मी का म्हून इचारतो ते समजून घ्या. आमच्या घरात हिचं भांडण झालं, आमीच चुकलो, तर पोरीनं जावं कुठं? पंचमीला कुणाच्या दारात जावं? आमाला येऊन जाब इचारणारं कोण हाय तिचं? का कंपनीत जाऊ म्हणता?"

आता मला माझा राग कुठून येतो ते कधीच कळलेलं नाही. कपाळाची शीर उडाली एवढं आठवतं.

"माझ्याकडे येईल ती," मी म्हटलं.

सगळी खोली माझ्याकडे वळली.

"तुमी कोण पोरीच्या?"

"आत्या."

"सख्खी?"

"मानलेली. पण भांडायला सख्खीपेक्षा बरी. गावात कुणालाही विचारा."

तात्यांनी डोळे बारीक केले. "थांबा. तंबाखूवरून मला दवाखान्यातून हाकलून दिल्तं, त्या बाई तुमीच का?"

"मीच. आणि अजून सोडलेली दिसत नाही."

तात्यांचा हात तंबाखूच्या खिशावर होता, तो त्यांनी काढला. त्यांचा मुलगा, म्हणजे होणारा व्याही, खाली मान घालून हसत होता.

"ही भांडंल," तात्या आपल्या माणसांना म्हणाले. मग मला विचारलं, "आत्याबाई, तुमचं माहेर कोणचं?"

"चकलांबा."

"भाऊ हायेत तिथं?"

"दोन आहेत. घर आहे, शेत आहे. पंचमीला दोघी जाऊ."

तात्यांनी काशिनाथरावांकडे वळून त्यांनाच दम भरला. "भनीचं माहेर चकलांबा, म्हंजे तुमचं गाव चकलांबा. एवढं सोपं सोडून ते अमेरिकेचं का म्हून सांगत बसलात घंटाभर? फोडा सुपारी."

सुपारी जब्बारभाईंनी फोडली. काशिनाथराव तेवढ्यात कुठे गेले म्हणून मी बघायला मागे गेले, तर ते न्हाणीपाशी तोंडावर पाणी मारत होते. मला बघून म्हणाले, "डोळ्यात काहीतरी गेलं." त्या खिडकीपाशी बसलेल्या भाच्याने लगेच डोळ्याचे थेंब काढून दिले.

घरी येताना मी स्वतःवर चडफडत होते. चकलांब्याला मी स्वतःच दोन वर्षांत गेले नव्हते. रात्री भावाला फोन करून सांगितलं, की तुला एक भाऊ झालाय. तो म्हणाला, "अक्का, तुझं बीपी बघितलंस का?" मग सगळं सांगितल्यावर म्हणाला, "पंचमीला दोघी या. झोका बांधून ठेवतो."

त्यानंतरच्या आठवड्यात काशिनाथराव दवाखान्यात आले. बाहेर गर्दी होती. नंबर आल्यावर आत आले, बॅग मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, लवकर बोला.

"मॅडम, चकलांब्यात आपलं घर कुठं हाय?"

"का? कुणी विचारलं?"

"न्हाई, कुणी न्हाई इचारलं. मुक्ताला सांगाया पाहिजे. मला बी ठाऊक असावं."

बाहेर एक पोर किंचाळत होतं आणि तिघे जण ताप घेऊन बसले होते. मी औषधाच्या चिठ्ठ्यांच्या वहीतला कागद फाडला आणि त्यावर रस्ता काढला. एसटी थांबते ती जागा, शाळा, मारुतीचा पार, तिथून डावीकडे वळल्यावर आमची गल्ली. ते टेबलावर वाकून बघत होते आणि एकेक विचारत होते. दार कोणत्या अंगाला, विहीर आहे का, पाणी गोड की मचूळ. चौकोन काढून घर दाखवलं, मागचा गोठा दाखवला, अंगणातलं लिंबाचं झाड दाखवलं. माझा आवाज का कोण जाणे, चढत नव्हता.

सगळं बघून झालं तरी ते उठेनात. मग कागदावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "मॅडम, मी ल्हान असताना ह्याच्यात कुठं खेळलो असंन?"

मी पेन उचललं, आणि लिंबाच्या झाडाखाली एक फुली मारली.